डास घरातच जन्मतो: डेंग्यू, हिवताप, चिकनगुनियाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आरोग्यसेविका. पावसाळा लागला की हातात बॅटरी, पिशवीत पांढरी वाटी आणि खडू घेऊन घरोघरी पाण्याची भांडी तपासत फिरायचं, हे माझं काम. खालचे प्रश्न दारात, जिन्यात, कधी चहाच्या कपावर लोकांनी विचारलेले आहेत. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवलेत.

आमच्याकडे कुठलं डबकं? घर तर आरशासारखं आहे.

गेल्या श्रावणातलं एक घर सांगते. तिसरा मजला, फरशीत तोंड दिसेल अशी स्वच्छता. काकू मला थेट गच्चीची वाट दाखवत होत्या, तेवढ्यात माझी नजर ओट्यावरच्या काचेच्या बाटलीवर गेली. आत मनीप्लँट. बॅटरी मारली, तर मुळांच्या मधे सात-आठ बारीक जीव डोकं खाली आणि शेपूट पाण्याच्या पातळीला टेकवून लटकलेले. बाटलीला टिचकी मारली तसे वळवळत तळाला गेले आणि मिनिटभरात पुन्हा वर आले, कारण शेपटीकडच्या नळीनेच ते श्वास घेतात. "अहो ताई, ते झाडातले किडे असतात, चावत नाहीत," काकू म्हणाल्या. खरंच होतं. अजून चावत नव्हते.

डेंग्यूचा डास म्हणजे एडिस. काळा, पायांवर पांढरे पट्टे, म्हणून काही जण त्याला टायगर मच्छर म्हणतात. याला गटार आवडत नाही. आपण भरून ठेवलेलं, न हलणारं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी त्याला लागतं आणि तेही बाटलीच्या टोपणाएवढं पुरतं. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या ओलसर भिंतीला चिकटवते. काळी, शाईच्या बारीक ठिपक्यांसारखी. भांडं वाळलं तरी ती कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत साधारण ८ ते १० दिवस लागतात. हा डास फार लांबही जात नाही, शे-दोनशे मीटरच्या आतच फिरतो. तेव्हा तुम्हाला चावलेला डास बहुतेक तुमच्याच घरात किंवा शेजारच्या घरात जन्मलेला असतो.

मग गटारातले डास कोणते?

ते क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणणारे, झोपमोड करणारे. त्यांच्यामुळे हत्तीरोग होतो. विदर्भातल्या बऱ्याच जिल्ह्यांत हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम निघते, तेव्हा "मला काही झालेलं नाही" म्हणून गोळ्या खिशात टाकू नका. जंतू वर्षानुवर्षं अंगात गप्प राहतात आणि पाय सुजला की मग फार काही करता येत नाही.

हिवतापाचा डास तिसराच, ॲनोफिलीस. तो भिंतीवर तिरका बसतो, शेपूट वर करून. मुंबईसारख्या शहरात त्याचा मुक्काम गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत, विहिरींत आणि बांधकामावरच्या साठलेल्या पाण्यात असतो. म्हणूनच टाकीला घट्ट झाकण नसेल तर तिथे महापालिका नोटीस काढते. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी जास्त. ॲनोफिलीस संध्याकाळनंतर. आणि तिन्हींत चावते ती मादीच. अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागतं. नर बिचारा झाडांच्या रसावर जगतो.

कोरडा दिवस पाळायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

आठवड्यातला एक वार ठरवायचा आणि पाण्याची सगळी भांडी रिकामी करून, आतून घासून, वाळवून मग भरायची. लोक पाणी ओतून देतात आणि लगेच नळ सोडतात. भिंतीला चिकटलेली अंडी तिथेच राहतात आणि नव्या पाण्यात फुटतात. काथ्याने किंवा ब्रशने घासल्याशिवाय हा दिवस कोरडा नाही, नुसता ओला दिवस आहे. आठवड्यातून एकदाच का, तर अळीचा डास व्हायच्या आत तिची वाट मोडायची असते. पंधरा दिवसांनी केलंत तर तोवर एक पिढी उडून गेलेली असते.

पिंप, बादल्या, माठ, रांजण सगळ्यांना आठवतात. राहतं ते भलतंच. फ्रिजच्या मागे खाली एक ट्रे असतो, तो ओढून बघा. निम्म्या लोकांना तो आहे हेच माहीत नसतं. कूलर बंद केला की त्यातलं पाणी दिवाळीपर्यंत तसंच. तुळशीच्या कुंडीखालची ताटली, चिमण्यांसाठी ठेवलेलं मातीचं भांडं, एसीच्या नळीखाली लावलेली बादली, पाहुण्यांच्या बाथरूममधली कोणी न वापरलेली जाळी. गच्चीवर जुने टायर, रंगाचे डबे, नारळाच्या करवंट्या, आणि छपरावर टाकलेली निळी ताडपत्री, जिच्या प्रत्येक सुरकुतीत पाण्याचं तळं असतं. इमारतीत लिफ्टचा खड्डा. मैल्याच्या टाकीची हवा जाण्याची जी उंच नळी असते तिच्या तोंडाला जाळी नसेल तर जुन्या नायलॉनच्या साडीचा तुकडा बांधला तरी चालतो.

नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. भांडी रिकामी कशी करणार?

हा प्रश्न विचारणाऱ्यांपुढे मला ओशाळायला होतं. मराठवाड्यातल्या कित्येक गावांत पाणी साठवल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि भिंतीवरच्या पोस्टरवर मात्र "पाणी साठवू नका" लिहिलेलं असतं. डेंग्यू हा पाणीपुरवठ्याचाही आजार आहे, एवढं तरी आपण मान्य करू.

करता येतं ते असं. पाणी यायच्या आदल्या दिवशी पिंपात तळाशी उरलेलं पाणी झाडांना घाला आणि तेवढ्या वेळात आतून घासा. दोन पिंपं असतील तर आलटून पालटून. झाकण नुसतं ठेवलेलं पुरत नाही, कडेला बोटभर फट राहिली तरी डासाला तो दरवाजाच. जुन्या धोतराचं किंवा साडीचं दुपदरी कापड तोंडावर ताणून रबराने वा दोरीने आवळा, आणि ते पाण्याला टेकणार नाही एवढं बघा. रिकामा करताच येत नाही असा सिमेंटचा मोठा हौद असेल तर गप्पी मासे सोडा किंवा आरोग्य कर्मचाऱ्याकडून अळीनाशक टाकून घ्या. ते औषध मोजून टाकायचं असतं, दुकानातून आणून अंदाजाने ओतायचं नाही.

गप्पी मासे कुठे मिळतात? पाण्याला वास येतो का?

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या हिवताप विभागात चौकशी करा, फुकट मिळतात. पिल्लांनाच जन्म देतात, त्यामुळे दहा-वीस सोडले की थोड्या महिन्यांत भरपूर होतात. वापराच्या पाण्याचा हौद, शोभेचं कारंजं, पडीक टाकी इथे ठीक. पिण्याच्या भांड्यात नको. आणि नदी, ओढा, तळं यांत मुळीच सोडू नका. ते बाहेरच्या देशातून आलेले मासे आहेत, तिथल्या मूळच्या छोट्या माशांना पुरून उरतात.

धुराची गाडी का पाठवत नाही तुम्ही?

कारण धूर दिसतो, आणि दिसतं ते काम वाटतं. धूर फवारणीने त्या क्षणी हवेत उडणारे डास मरतात. पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही, दोन-तीन दिवसांत नवे डास तयार. त्यातून गाडी आली की आपण खिडक्या लावून घेतो आणि एडिस तर कपाटामागे, पडद्याच्या घड्यांत, खाटेखाली बसलेला असतो. एखाद्या गल्लीत रुग्ण सापडले की तिथले विषाणू घेऊन फिरणारे डास झटपट मारायला फवारणीचा उपयोग आहे. दर आठवड्याला नगरसेवकाला फोन करून गाडी मागवण्यापेक्षा तेवढ्या वेळात गच्ची बघून होते.

कॉइल, लिक्विड, मलम, कडुनिंबाचा धूर: काय लावावं?

पहिलं नाव मच्छरदाणी. तान्हं बाळ आणि बाळंतीण दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपू देत. सरकारकडून मिळालेली औषध लावलेली मच्छरदाणी सारखी धुवू नका आणि सावलीत वाळवा, उन्हात तिचं औषध लवकर संपतं.

खिडक्यांना जाळी बसवली तर बाकीचा खर्च निम्मा होतो. अंगाला लावायच्या मलमात डीट किंवा पिकारिडिन असेल तर ते खरोखर काम करतं, काही तासांनी पुन्हा लावावं लागतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डीट लावू नका, आणि मोठ्या मुलांनाही तळहात, डोळे, ओठ सोडून लावा. शाळेत जाताना लांब बाह्यांचा सदरा आणि पायमोजे घाला, कारण एडिस पोटरी आणि घोट्याशीच घुटमळतो.

कॉइलबद्दल माझं मत वाईट आहे. बंद खोलीत रात्रभर जळणारी कॉइल म्हणजे चूल पेटवून उशाशी घेण्यासारखं. घरात दमा असलेलं कोणी असेल तर नकोच. कडुनिंबाचा आणि धूपाचा धूरही शेवटी धूरच. लिक्विडचं यंत्र वापरायचं तर खिडकी थोडी उघडी ठेवा, आणि ते रात्रीच का लावता? डेंग्यूचा डास सकाळी येतो. मोबाईलमधून किंवा प्लगमधून न ऐकू येणारा आवाज काढून डास पळवणारी साधनं मिळतात, त्यांचा काहीही उपयोग होत नाही.

मलाच जास्त का चावतात? माझं रक्त गोड आहे का?

रक्ताची चव बसायच्या आधी कोणाला कळणार! डास श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या, अंगाच्या उबेच्या आणि घामाच्या वासाच्या मागावर येतो. गरोदर बायकांचं अंग जास्त उबदार असतं, श्वासही जास्त चालतो, त्यामुळे त्यांच्याकडे तो अधिक ओढला जातो. गडद कपडेही त्याला आवडतात.

ताप आलाय. कोणती तपासणी, कितव्या दिवशी?

ताप सुरू झाला तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात आणि "झाले चार-पाच दिवस" या उत्तराने सगळा हिशेब चुकतो. पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूसाठी एनएस-१ (रक्तात विषाणूचा अंश शोधणारी तपासणी), त्यानंतर आयजीएम (विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं शोधणारी). तिसऱ्या दिवशी आयजीएम केली तर ती बरेचदा नकारार्थी येते, आणि माणूस निर्धास्त होतो. झटपट पट्टीवर डेंग्यू आला तर प्रयोगशाळेतल्या एलायझा पद्धतीने खात्री करून घ्यावी. ती सोय सरकारी यंत्रणेत आहे. आणि ताप कोणताही असो, त्याच दिवशी हिवतापासाठी बोटाचं रक्त द्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते.

तोवर तापाला फक्त पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलेल्या मात्रेत. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांना हात लावू नका, डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढतो. अंग फार दुखतंय म्हणून मेडिकलवाल्याकडून "अंगदुखीची जोरदार गोळी" आणणारे याच यादीतली गोळी आणतात. हृदयविकारासाठी रोज ॲस्पिरिन चालू असेल तर मनानेच बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

ताप उतरला. आता धोका टळला ना?

डेंग्यूत इथेच फसगत होते. ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो आणि नेमके त्यानंतरचे २४ ते ४८ तास सर्वांत नाजूक असतात. रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, रक्तातलं पाणी बाहेर पोटात, छातीत साठतं, रक्तदाब घसरतो. घरात मात्र थर्मामीटर ९८ दाखवतो म्हणून सगळे खूश, आई मुलाला शाळेत पाठवायच्या तयारीत.

त्या दोन दिवसांत यातलं एक जरी दिसलं तरी वाट न बघता रुग्णालय गाठा: पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार आणि चिकट, चक्कर, मूल विनाकारण किरकिरणं किंवा उलट अगदी मलूल पडून राहणं. लघवीकडे लक्ष ठेवा. मुलाने पाच-सहा तासांत एकदाही लघवी केली नसेल तर ती धोक्याची घंटा. पाणी, पेज, ताक, ओआरएस, सरबत जे आवडेल ते थोडं थोडं पाजत राहा. अर्धी लढाई याच वाटीने होते.

प्लेटलेट ७० हजारांवर आल्यात. कुठून आणू?

श्वास घ्या. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, त्या कमी होणं हा डेंग्यूचा नेहमीचा भाग आहे आणि बहुतेकांच्या आपोआप वाढतात. रक्तस्राव नसेल तर साधारण १०,०००च्या खाली जाईपर्यंत बाहेरून चढवायची गरज पडत नाही. डॉक्टर जास्त लक्ष ठेवतात ते हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावर, रिपोर्टमध्ये त्याला एचसीटी किंवा पीसीव्ही लिहितात. तो चढत गेला तर रक्त दाट होतंय, म्हणजे पाणी झिरपतंय. नातेवाईक मात्र दर सहा तासांनी एकाच आकड्याचा व्हॉट्सॲप टाकत राहतात.

पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट, शेळीचं दूध यांनी डेंग्यू बरा होतो याला ठाम पुरावा नाही. किवी खाल्ल्याने बिघडत काही नाही, खिसा सोडून. पण उलट्या होणाऱ्या माणसाला कडूजहर रस पाजून पोटातलं होतं ते पाणीही बाहेर काढलेलं मी पाहिलंय.

एकदा झाला, आता परत होणार नाही ना?

डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा झाला तर त्याच प्रकारापासून संरक्षण मिळतं, उरलेल्या तिघांपासून कायमचं नाही. उलट दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा झाला तर तो गंभीर होण्याची शक्यता जास्त असते. आधी होऊन गेला असेल तर डॉक्टरांना सांगा.

घरात एकाला डेंग्यू आहे. बाकीच्यांना लागेल का?

स्पर्शाने, ताटातल्या उष्ट्याने नाही. पण आजाऱ्याला चावलेला डास आठ-दहा दिवसांनी तुम्हाला चावला तर लागेल. म्हणून ताप असेपर्यंत आजारी माणसालाच दिवसा मच्छरदाणीत ठेवा. हे पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. लोक निरोग्यांना जपतात आणि रुग्णाला पंख्याखाली उघडा ठेवतात.

हिवतापाच्या गोळ्या तीन दिवसांत बरं वाटलं म्हणून थांबवल्या. चालेल का?

नाही. आपल्याकडे हिवताप दोन तऱ्हेचा जास्त दिसतो. व्हायव्हॅक्समध्ये क्लोरोक्विनने तीन दिवसांत ताप जातो, पण जंतू यकृतात दडी मारून बसतात आणि काही महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतात. त्यांच्यासाठीच प्रायमाक्विन १४ दिवस घ्यायचं असतं. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ते देत नाहीत, आणि जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांना त्याने रक्ताच्या पेशी फुटतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्या. दुसरा फॅल्सिपेरम, तो मेंदूवर जाऊ शकतो. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात याचं प्रमाण मोठं आहे. तिकडे कामाला, बदलीला किंवा फिरायला जाऊन आलात आणि नंतर महिनाभरात ताप आला तर ते आपणहून सांगा. पुण्यातल्या डॉक्टरला तुमचा प्रवास स्वप्नात दिसणार नाही.

चिकनगुनियाचं सांधेदुखणं किती दिवस?

बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं, काहींचं, विशेषतः वयस्कर माणसांचं, महिनोन्महिने रेंगाळतं. सकाळी उठून कपाचा कान धरता येत नाही, अशी तक्रार ठरलेली. हा आजारही एडिसच पसरवतो. नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतलं आहे, अर्थ वाकवून टाकणारा. आपल्याकडे तो नवा नाही: १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची साथ आली होती, मग तीसेक वर्षं गायब होऊन २००५-०६ मध्ये परतला. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत दुखण्यावरही पॅरासिटामॉलच.

सून गरोदर आहे. झिकाची भीती वाटते.

झिकाचा विषाणूही एडिसच पसरवतो. राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला. २०२४ मध्ये पुणे शहरात आणखी सापडले, त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. मोठ्यांना तो सौम्यच होतो, काहींना कळतही नाही, पण पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. ताप, पुरळ, डोळे लाल झाले तर तिने लगेच दाखवावं. झिका लैंगिक संबंधातूनही पसरतो, म्हणून नवऱ्यालाही ताप आला तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

लस आहे का?

आपल्या बाळांच्या नेहमीच्या लसीकरणात डेंग्यूची लस नाही. देशी लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली. हिवतापाची आर-२१ ही लस पुण्यातच बनते, पण ती मुख्यतः आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी आहे. जपानी मेंदूज्वराची लस मात्र काही जिल्ह्यांत मुलांना दिली जाते, तुमच्या आशाताईंना विचारा.

गणपतीला पंधरा दिवस कोकणात चाललोय. बंद घराचं काय?

हा प्रश्न फार थोडे विचारतात, म्हणून मीच काढते. पंधरा दिवस म्हणजे डासांची पूर्ण एक पिढी, वर शिल्लक. निघायच्या दिवशी बादल्या, टब पालथे घाला. कमोडचं झाकण खाली, बाथरूमच्या जाळीवर चिकटपट्टी. फ्रिजचा ट्रे पुसून कोरडा. कुंड्यांच्या ताटल्या काढून ठेवा. मनीप्लँट बाटलीतून मातीत लावा, जगतो. शेजारच्यांकडे किल्ली द्या. पंधरा दिवसांनी माझ्यासारखी कोणी तपासायला आली की कुलूप बघून खडूने दारावर "बंद" लिहून पुढे जाते, आणि त्या गल्लीत पुढचे रुग्ण बरेचदा तशाच दाराच्या आसपास निघतात.

गावच्या घराचंही तेच. वर्षभर बंद घर उघडल्यावर आधी परसातल्या दगडी डोणीत, न्हाणीघरातल्या हंड्यात आणि पन्हाळीत बॅटरी मारून बघा, मग मखर बांधायला घ्या.